जेवून जाण्याची अट

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहायचं तर त्यांची परवानगी घ्यावी लागेल, परवानगीसाठी जळगावला जावं लागेल, आणि तिथे गेलं की जेवल्याशिवाय सुटका नाही. जेवण म्हणजे भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरून तेलाची धार. त्यानंतर तीन तास माणूस दुसऱ्याचं नाव सोडाच, स्वतःचं आडनावसुद्धा लिहू शकत नाही. तेव्हा नुसतं आबा म्हणते. सगळं कॉलेज त्यांना आबाच म्हणायचं, प्राचार्यसुद्धा.

मी सांगलीकडची. जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संगणक शिकवायला लागले, तेव्हा आबा तिथली प्रयोगशाळा सांभाळत होते. निवृत्तीला टेकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात चार पेनं आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पहिल्याच दिवशी मी उन्हातून आले आणि माठाकडे धावले, तर माठावर चिठ्ठी: "पाणी प्यावे. पेला उपडा ठेवावा. शेवटचा पेला पिणाऱ्याने माठ भरावा. शेवटचा पेला कोणता, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे." मी पेला हातात धरून उभी राहिले. एवढी नैतिक जबाबदारी मला बीएड करतानाही कुणी दिली नव्हती.

चिठ्ठी नसलेली वस्तू त्या खोलीत नव्हतीच. स्टेपलरवर: "न्या. परत आणा. पिना संपल्या तर सांगा, रागावणार नाही. न सांगता ठेवला तर रागावणार." पंख्याच्या बटणाखाली: "तीनवर लावू नये. तीनवर तो बोलतो." त्यांच्या जुन्या स्कूटरच्या किल्लीला तर लॅमिनेशन केलेलं कार्ड होतं: "दुसरा गिअर उशिरा पडतो. त्याला वेळ द्यावा. शिव्या देऊ नयेत, त्याने पहिलाही पडत नाही."

दुसऱ्यांना असे लेखी परवाने वाटणारा हा माणूस स्वतः मात्र उठल्या-बसल्या परवानगी मागायचा. प्रिंटरला विचारायचा, "काढू का रे बाबा एक पान?" आणि आमच्या सगळ्यांचे कागद गिळून बसणारा तो प्रिंटर आबांना मुकाट्याने पान काढून द्यायचा. मी शास्त्र शाखेची असल्यामुळे याचं स्पष्टीकरण शोधलं. सापडलं नाही. लॅबच्या उंबऱ्यावर एक पिवळी कुत्री आडवी पडलेली असे. आबा तिला "जरा जाऊ का?" असं विचारून ती उठेपर्यंत थांबायचे. एकदा त्यांच्यामागे प्राचार्य थांबले होते, आणि प्राचार्यांच्या मागे विद्यापीठाची तपासणी समिती. आबा मला म्हणायचे, "मॅडम, तुमच्या बोलण्याच्या मध्ये बोलू का?" आणि हे विचारण्यातच ते मध्ये बोललेले असायचे. मुलं समोर नसली की मॅडमचं "माय" व्हायचं. खान्देशात लेकीच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात, आणि मला ते फार आवडायचं.

आबांचं खरं काम कॉलेजच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. लिनक्स ही संगणकाची मोकळी प्रणाली. तिच्यासाठी जगभरचे लोक प्रोग्राम लिहितात आणि वाटून टाकतात. पण एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर धड बसेलच असं नाही. कुठली फाइल कुठे ठेवायची, आधी काय बसवायचं, कुठे बिघडत असेल तर ठिगळ कसं लावायचं, अशी सगळी कृती कुणीतरी लिहून प्रोग्रामसोबत बांधून द्यावी लागते. या बांधाबांधीला पॅकेजिंग म्हणतात. मांड्यांसाठी कणीक आणि पुरण कुणीही करून ठेवेल, पण तो मांडा न फाटता खापरावर टाकणारी बाई निराळीच लागते. आबा ती बाई होते.

आणि हे सगळं होतं अक्कासाठी. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, धुळ्याला राहायची, एकटी. शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाली आणि काचबिंदूने तिची दृष्टी गेली. तिला पेपर वाचल्याशिवाय चहा उतरत नसे. पोर्तुगालमधल्या कुणा गृहस्थाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता, तो आबांनी उचलला, त्याला मराठी शिकवली, ठिगळं लावली, बांधणी केली आणि अक्काच्या संगणकावर बसवला. त्या आवाजाला भावना म्हणून नव्हत्या. लग्नाची बातमी आणि निधनवार्ता तो एकाच सुरात वाचायचा, वांग्याच्या भाजीची कृती धमकी दिल्यासारखी. अक्का त्याला लाडाने मुडदा म्हणायची. "मुडदानं सांगं, आज कापूस चढना," असं शेजारणीला सांगायची.

पण प्रणालीत लहानमोठी सुधारणा आली की आबांची बांधणी मोडायची आणि मुडद्याची वाचा बसायची. मग फोन. "मुडदा मुका व्हई गया रे!" की आबा निघाले एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला. गुडघे दुखायचे. बसच्या पायरीशी उभे राहून गुडघ्यालाही विचारायचे, "चढू का रे?" मागचे प्रवासी ओरडायचे, पण गुडघ्याचा होकार आल्याशिवाय आबा चढायचे नाहीत.

यावर उपाय एकच होता. लिनक्सच्या एका मोठ्या वितरणाचं अधिकृत भांडार असतं. त्यात बांधणी गेली, की पुढे नवी आवृत्ती काढताना तिची काळजी सगळे मिळून घेतात आणि ती घरोघरी आपोआप पोचते. आबांनी अर्ज केला होता. का केला, ते एकदाच बोलले, स्टँडवर, बसची वाट बघत. "मी शे तवलोंग ठीक शे, माय. मी नही राहिनू, मंग अक्काले पेपर कोन वाची दाखाडी?"  मला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायला मी बसची पाटी वाचत राहिले.

भांडाराच्या तपासनीस बाई होत्या फिनलंडच्या. दोन ओळींपलीकडे कधी लिहायच्या नाहीत. त्यांचं उत्तर आलं: "काम उत्तम आहे. तुमच्या बांधणीच्या फाइलींना लायसन कुठे आहे?"

आबा म्हणाले, "लायसन कशाला? मी कधी कुणाला नाही म्हटलंय का?"

मी समजावून सांगितलं की लायसन म्हणजे वापरायची लेखी परवानगी; मूळ प्रोग्रामचं लायसन पोर्तुगालच्या गृहस्थाचं, पण बांधणीची कृती आणि ठिगळं तुमची, त्यामुळे त्यांचं लायसन तुम्ही द्यायचं. आणि कायद्यात गप्प राहणं म्हणजे नकार असतो. तुम्ही काही लिहिलं नसेल, तर तुमच्या कामाला कुणी हात लावायचा नाही, असाच अर्थ होतो.

आबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना नाही म्हणत होतो?" आणि ते खुर्चीत बसले, खुर्चीला न विचारता. स्टेपलरला लायसन, माठाला लायसन, स्कूटरच्या दुसऱ्या गिअरला लॅमिनेटेड लायसन, आणि आयुष्यभराच्या कामाला एक चिठ्ठी नाही! आमच्या ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "काळजी नको आबा, आरटीओत आपली ओळख आहे." त्यांना बाजूला नेऊन समजावण्यात माझा एक तास गेला.

महिनाभरात नव्या आवृत्तीचं दार लागणार होतं. त्याआधी लायसन नाही, तर बांधणी बाहेर, आणि पुढचं दार उघडायला दोन वर्षं. आबा कामाला लागले. जगात जेवढी म्हणून अशी लायसन्स आहेत तेवढी त्यांनी छापून काढली (प्रिंटरने एकदाही कुरकुर केली नाही), आणि लॅबमध्ये सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. मग हात मागे बांधून ते त्या दोरीखालून फिरायचे. एप्रिलचं ऊन, कुणा विद्यार्थ्याने पंखा तीनवर लावला, पंखा बोलला, आणि सगळी लायसन्स लॅबभर उडाली. गोळा करताना एकाची पानं दुसऱ्यात गेली. आबांनी ते मिश्रण वाचलं आणि म्हणाले, "वाईट नाही झालंय."

सगळं वाचून त्यांना एवढं कळलं की मुख्य जाती दोन. पण नुसतं वाचून निर्णय घेणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी दोन काळ्या छत्र्या आणल्या. जळगावात छत्री उन्हाळ्यातच जास्त लागते, त्यामुळे गिऱ्हाईक मिळायची अडचण नव्हती. छत्री क्रमांक एकवर चिठ्ठी: "या छत्रीचे काहीही करा. फक्त माझे नाव तिच्यावर राहू द्या." छत्री क्रमांक दोनवर: "या छत्रीचे काहीही करा. मात्र पुढे कुणाला द्याल तर याच अटीवर द्या, आणि काही दुरुस्ती केलीत तर तीही पुढच्याला द्या." दोन्ही चिठ्ठ्यांवर प्लॅस्टिक, खाली लॅबचा फोन नंबर. दारामागच्या खुंटीला अडकवल्या आणि वाट बघत बसले.

आठवड्यात छत्री क्रमांक एकचा पत्ता लागला. फिजिक्सच्या सरांनी तिचं कापड कापून मोटरसायकलच्या सीटला कव्हर शिवलं होतं. कडेला चिठ्ठी जशीच्या तशी टाचलेली, आबांचं नाव व्यवस्थित दिसत होतं. आबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "अट पाळलीय," म्हणाले. "बोलायला जागाच नाही." पण दिवसभर जेवले नाहीत.

छत्री क्रमांक दोन ग्रंथालयाच्या मॅडमनी नेली, त्यांच्या नणंदेबरोबर ती चाळीसगावला गेली, तिथून कुणाच्या तरी हातून नरडाण्याला. एक दिवस लॅबमध्ये फोन: "तुमची छत्री आमच्याकडे आहे. दांडा तुटला होता, नवा बसवला. तो आता छत्रीसोबतच पुढे द्यायचा ना?" आबा उभे राहून बोलत होते. "हो! द्यायचा! द्यायलाच पाहिजे!" पुढचा फोन सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याचा: "चिठ्ठी फाटायला आली होती, नवी नक्कल करून लावली, चालेल का?" चालेल का! आबांनी भिंतीवर जिल्ह्यांचा नकाशा लावला, गावागावाला टाचणी टोचली आणि आल्या-गेल्याला ते तो दाखवू लागले. तास संपला की मुलं आधी नकाशा बघायची, मग घरी जायची. आमच्या कॉलेजात इतका उत्साह मी परीक्षेच्या निकालालाही पाहिला नाही.

तेव्हा आबांच्या मनात दोन नंबरची छत्री बसली. तिच्या धर्तीवर त्यांनी स्वतःचं लायसन लिहिलं. सहा कलमं शहाण्यासारखी होती. सातवं असं: "या कामाचा उपयोग करणारी कोणतीही व्यक्ती जळगावावरून जात असेल, तर तिने आमच्याकडे जेवल्याशिवाय पुढे जाऊ नये."

मी म्हटलं, "आबा, हे कायद्यात कसं बसणार?"

"कायद्यात नाही तर कुठे? एवढं माझं काम वापरणार आणि दारावरून उपाशी जाणार? बरं दिसतं का?"

मी हसत हसत इंग्रजी केलं. त्या लायसनसकट आवृत्ती तयार झाली. चाचणी म्हणून ती दोनच ठिकाणी बसवली, अक्काच्या संगणकावर आणि माझ्या लॅपटॉपवर. मग फिनलंडला पाठवली.

दोन ओळी आल्या. "कलम सात ही सक्ती आहे. सक्ती असलेलं लायसन आम्ही स्वीकारत नाही."

आबांनी तीन पानं लिहिली. जेवणाचा कोणताही मोबदला नाही. तिखट कमी करून मिळेल. उपवास असल्यास साबुदाण्याची खिचडी. जैन मंडळींसाठी कांदा-लसूण वर्ज्य, आमच्या गल्लीत राजस्थानी कुटुंबं आहेत, आम्हाला सवय आहे.

उत्तर: "जेवणाचा दर्जा हा मुद्दा नाही. 'जाऊ नये' ऐवजी 'जेवू शकतात' असं लिहा."

आबा ताडकन उठले. गुडघ्यालाही विचारलं नाही. "जेवू शकतात? जेवू शकतात हे हॉटेलच्या पाटीवर असतं! दारात आलेल्या माणसाला 'तुम्ही जेवू शकता' म्हणायचं? त्यापेक्षा तोंडावर दार लावून घ्यावं!" पिवळी कुत्री दचकून उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता वाटेतून बाजूला झाली.

खरं सांगते, मी मनातून आबांच्याच बाजूची होते. सांगलीतही असं कुणी म्हणत नाही.

बाईंचं पुढचं पत्र जास्त कडक होतं. "तुमच्या अटी मूळ प्रोग्रामपेक्षा जड आहेत, त्यामुळे तुमची ठिगळं मूळ लेखक स्वतःच्या प्रोग्रामात घेऊ शकत नाही. मूळ प्रोग्रामचंच लायसन घ्या. आठ दिवस उरले आहेत." आणि मूळ प्रोग्रामचं लायसन होतं छत्री क्रमांक एक. "सीट कव्हर!" एवढंच आबा म्हणाले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नकाशासमोर नुसते उभे राहायचे. मला धास्ती वाटायला लागली. हट्टी माणूस, आठाचे सहा दिवस झालेले, आणि तिकडे धुळ्यात अक्का पेपराविना राहणार. हे बोलून दाखवायचं धाडस मला झालं नाही.

त्याच शनिवारी फोन आला. मुडदा मुका झाला होता. रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं धुळ्याला गेलो, मी लॅपटॉप घेऊन.

अक्काच्या घरात पाऊल ठेवलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. घरात एकही चिठ्ठी नव्हती. सगळं मात्र जागच्या जागी. आबांनी चपला भिंतीला लावून, टाचा आत करून काढल्या. खुर्ची ओढली, बसले, उठताना उचलून फरशीच्या त्याच रेघेवर परत ठेवली. पाण्याचा जग उजव्या कोपऱ्यात, मूठ दाराकडे. अक्काला हाताला सगळं जिथल्या तिथे लागायला हवं, आणि आबा न सांगता ते पाळत होते.

मुडदा सुरू व्हायला अर्धा तास लागला. तोवर पाटावर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी आली. दोन बट्ट्यांनंतर मी म्हटलं, "पुरे, अक्का." अक्काने हात पुढे केला, माझं ताट चाचपलं, रिकामी जागा सापडली, तिथे तिसरी बट्टी ठेवून तुपाची वाटी ओतली. "सांगलीनी शे ना तू? मंग लाजू नको." सांगलीचा आणि लाजेचा संबंध मला कळला नाही, पण बट्टी खाल्ली.

"काय भांडन चालनं तुनं?" अक्काने आबांना विचारलं. "आवाज पडेल शे तुना."

आबांनी सगळं सांगितलं. छत्र्या, सीट कव्हर, फिनलंड, कलम सात.  अक्का बट्टी कुस्करत ऐकत होती.

"हाऊ मुडदा कोना शे?" तिने विचारलं.

"पोर्तुगालना एक भाऊना."

"त्याना घरनी रीत काय शे?"

"काय बी करा, फक्त नाव राहू द्या."

"नि तू त्याना घरमा कोन? यजमान का पाव्हना?"

आबांनी बट्टीचा घास उचलला.

"मना घरमा तू कधी चिठ्ठी लाई का?"

"तुले दिसत नही म्हनीसन..."

"माले दिसे तवय बी नही लाई! काब्रं? घर मनं शे म्हनीसन. आठे तू मनी रीत पाळस. खुर्ची उचलीसन ठेवस, माले आईकू येस. मंग त्या भाऊना घरमा जाईसन काब्रं चिठ्ठ्या लाई राहिना?"

आबांच्या हातात बट्टीचा घास होता, तो हातातच राहिला. मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे बघितलं आणि आवरलं. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला यजमान समजत होता. दुसऱ्याच्या घरात आपण ठिगळ लावायला गेलेले पाहुणे आहोत, हे त्याला आत्ता, ताटावर बसल्यावर कळत होतं.

"मंग जेवाले बलावूच नको का कोनले?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"बलाव ना! आपला दारवर उभा राहीसन बलाव. कायदामा काब्रं कोंबस?"

आबांनी हातातल्या घासाकडे बघितलं. मग आबा म्हणाले, "अक्का, बट्टी खाली ठेवू का?"

"नही. खा."

त्यांनी खाल्ली, हात धुतला, आणि तिथेच, अक्काच्या संगणकासमोर बसून मूळ प्रोग्रामचं लायसन आपल्या फाइलींवर लावलं. कलम सात पुसलं. प्रत्येक पॅकेजला वर्णनाच्या चार ओळी असतात, बसवण्याआधी त्या समोर दिसतात. तेच दार, असं म्हणून त्यांनी तिथे लिहिलं: "हा आवाज मराठी वाचतो. जळगावावरून जाणार असाल तर जेवायला या." मी इंग्रजी केलं. पाठवायच्या कळीवर बोट ठेवून ते थांबले, आणि पोर्तुगालच्या दिशेने असावं बहुधा, पण बघितलं भिंतीकडे, आणि म्हणाले, "पाठवू का, भाऊ?"

मंगळवारी उत्तर आलं. "स्वीकारलं. धन्यवाद." आणि खाली, आजवर कधी न आलेली तिसरी ओळ: "भरीत म्हणजे काय?" आबांनी चार पानं लिहिली. शेवटी एक शंकाही विचारली, की कलम सात असलेल्या ज्या जुन्या प्रती दिल्या गेल्या, त्यांचं काय? बाईंनी कळवलं, की दिलेली प्रत ज्या अटीवर दिली त्याच अटीवर राहते.

आबांनी बोटं मोजली. प्रती दोन. अक्काची आता आपोआप नवी होणार. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे माय, जगात तेवढ्या तुम्ही राहिल्या."

नवी आवृत्ती आली त्या सकाळी लॅबचा फोन वाजला. "मुडदा आपोआप बोलना रे!" अक्का ओरडत होती. मागून मुडदा कापसाचे भाव धमकी दिल्यासारखे वाचत होता. आबांनी फोन माझ्या कानाला लावला, मग ग्रंथालयाच्या मॅडमच्या, मग क्लार्कच्या. मुलांनी बाकं वाजवली. फिजिक्सचे सर धावत आले आणि भावनेच्या भरात सीट कव्हर परत देतो म्हणाले. पाचच मिनिटांत पुन्हा फोन. "काय रे, त्यानामा जळगावच लिखं तू? धुळं कोठे शे? मना घर नही का? दुरुस्त कर. नि आठे ईसन कर."

ही दुरुस्ती जळगावात बसून दोन मिनिटांची होती. आबांनी लॅबच्या दाराला चिठ्ठी लावली: "धुळ्याला गेलो आहे. दुरुस्ती आहे. वेळ लागेल." आणि बस पकडली.

पुढे मी पुण्याला आले. आबा निवृत्त झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी तेव्हाच प्रणालीची नवी आवृत्ती निघाली. ते हॉस्पिटलात पडलेले, पाय पट्ट्यांत. अक्काचा फोन आला. ती काही बोलली नाही, फोन फक्त संगणकाजवळ धरला. मुडदा वाचत होता, तसाच, भावनाशून्य: "जळगाव किंवा धुळ्यावरून जाणार असाल तर जेवायला या." बांधणी मोडलीच नव्हती. कुणीतरी, कुठेतरी, आबांना न विचारता सांभाळली होती. आबा नर्सला म्हणाले, "सिस्टर, जरा रडू का?" हे मला त्या नर्सनेच सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा ती अजून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

गेल्या हिवाळ्यात मी नागपूरहून पुण्याला निघाले होते. दुपारची वेळ, भुसावळ गेलं, म्हटलं आबांना नुसता फोन करावा. ते सगळ्यांची चौकशी करत बसले, कुत्रीच्या पिल्लांचीसुद्धा खबर दिली. मग आवाज बदलला.

"लॅपटॉपमध्ये कोणती आवृत्ती आहे?"

मी आजवर तीन लॅपटॉप बदलले. दर वेळी ती जुनी प्रत जपून नव्यात घेतली, आणि एकदाही तिला नवी होऊ दिलं नाही. का, ते मलाच विचारू नका.

"जुनीच, आबा."

"कलम सात काय म्हणतं?"

"आबा, उद्या सकाळी आठला माझा तास आहे. तिकीट थेट पुण्याचं आहे. जळगावला गाडी दोन मिनिटं थांबते..."

"माय," आबा म्हणाले, "मी विचारत नाही आहे."

खुर्चीला, प्रिंटरला, कुत्रीला, गुडघ्याला विचारणारा माणूस. मी फोन कानाला धरूनच उभी राहिले, वरच्या बर्थवरून बॅग ओढली आणि दाराकडे निघाले.